शुभ बोल, जगदेव

'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' ही म्हण आपल्याकडे जो तो चघळतो आणि नाऱ्याला हसतो. पण मी म्हणतो, एकानं तरी मान वर करून मांडवाकडं पाहिलं का? आग खरंच लागली होती की नाही, हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. नाऱ्या वाईट, कारण तो बोलला. मांडव जळाला त्याचं कोणाला काही नाही. तर या रीतीनं उमरवाडीच्या जगदेव मुकादमाचं काय केलं, ते सांगायला बसलोय. ऐकून तोंड कडू होईल. आधीच सांगून ठेवतो, मागाहून मला बोल लावू नका.

उमरवाडी अनसिंगच्या पलीकडं, आडबाजूला. न्याहारी करून बैलगाडी जुंपली तर जेवणवेळेला पोचाल, तेही नाला अडवला नाही तर. जगदेवचे आईबाप मानमोडीच्या तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले. तेव्हा तो शेंबडा पोर होता आणि त्याची बहीण तुळसा परकर नेसायच्या वयाची. तिनं त्याला वाढवलं. पुढं तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत भावाच्या दारी आली आणि तिथलीच झाली. जगदेवला बायको आली गोजराबाई, मुलगी झाली ललिता, तरी घरात शब्द चालायचा तो तुळसाबाईचा. गोजराबाईला त्याचं दुःख नव्हतं. "सासू नव्हती, देवानं नणंदेतच दोन्ही देल्या," असं ती हसून म्हणायची.

जगदेव चौथी शिकलेला. सडकेच्या कामावर दगड फोडत फोडत मुकादम झाला. माणूस सरळ, रागीट नाही, पण डोळा तिखट. दोर कुठं झिजलाय, कुदळीचा दांडा कुठं तडकलाय, हे त्याला चालता चालता दिसायचं. असला डोळा असणं चांगलं की वाईट, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. योजना आल्या, विकासाच्या जीपगाड्या धुरळा उडवत फिरू लागल्या. उमरवाडीच्या नाल्यावर मातीची पाळ घालून तलाव करायचं ठरलं. आणि वरून हुकूम आला की कामावरच्या मुकादमांना आधी शिक्षण द्यायचं. काम ठरल्या खर्चात कसं बसवावं, ठरल्या मुदतीत कसं उरकावं, आणि कामातला धोका आधी कसा ओळखावा, याचा रीतसर वर्ग. तालुक्यातून नावं गेली, त्यात जगदेवचं नाव होतं. तुळसाबाईनं दशम्या बांधून दिल्या आणि तो अमरावतीला गेला.

शिकवायला होते एक म्हातारे साहेब. उभा जन्म रेल्वेचे पूल बांधण्यात घालवलेला, एक पाय किंचित लंगडा. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन गोल काढले आणि म्हणाले, "काम म्हणजे तीन दगडांची चूल. खर्च, मुदत आणि धोका. एक दगड सरकला की भांडं कलंडतं. पहिल्या दोन दगडांकडे सगळे बघतात. तिसऱ्याकडे कोणी बघत नाही, कारण तो बघायला भीती वाटते." मग त्यांनी आपल्या लंगड्या पायावर काठी आपटली. "हा तिसरा दगड."

बाकीचे मुकादम दुपारच्या जेवणानंतर पेंगायचे. जगदेव मात्र जागा. त्याला वाटलं, अरे, आपल्या डोळ्याला जे उगाच दिसायचं, त्याला इथं विद्या म्हणतात! साहेबांनी त्याला भिंतीवर रेघा मारून कामाची मुदत आखायला शिकवलं. कोणतं काम कोणाच्या आधी, कोणतं अडलं तर काय काय अडेल, खर्च हाताबाहेर जातोय हे आधीच कसं ओळखावं, सगळं शिकवलं. पण त्यांचा खरा भर एकाच गोष्टीवर. "रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी माणसं गोळा करा आणि आज काय बिघडू शकतं ते मोठ्यानं बोला. बोललेला धोका अर्धा होतो, गिळलेला दुप्पट."

साहेब हुशार माणूस, त्यांच्या पायाशी बसावं असा. पण ते जन्मभर पुलांत राहिले. पूल कसा कोसळतो ते त्यांना माहीत होतं, गाव कसं कोसळतं ते नव्हतं.

कामाचा नारळ फुटायचा होता तो दिवस. सगळी उमरवाडी नाल्यावर लोटली. वाजंत्री, हार, गुळाची भेली. गावचे उकंडराव पाटील फेटा बांधून नारळ हातात घेऊन उभे. कामावरचा ओव्हरसियर, कोवळा पोरगा, नवा कोट, तो म्हणाला, "हे आपले जगदेव मुकादम सरकारी शिक्षण घेऊन आलेत. ते दोन शब्द बोलतील."

जगदेव पुढं झाला, टोपी नीट केली आणि शिकला होता तेच बोलला. "रामराम मंडळी. काम मोठं हाय. याच्यात काय काय वंगाळ होऊ शकते ते आधी सांगतो, म्हंजे आपण संभाळून राहू. खदानीची दरड कोसळून माणूस दबू शकते. पाळीवर चढताना गाडी घसरून बैल जाऊ शकते. पेयाचं पाणी झाकून नाही ठेवलं, त हगवण लागून लेकरं..."

"अगं माय वो!" बायकांमध्ये एकच कालवा झाला. म्हाताऱ्यांनी कडाकडा बोटं मोडली. उकंडराव पाटलांच्या हातातला नारळ हातातच राहिला.

"अबे, शुभ बोल!" ते खेकसले. "नारळ फोडाच्या वक्ती मढं काहून काढून राह्यला?"

"पाटील, बोलल्यानं होत नाही. आधी बोललं म्हंजे टळते. साहेबानं शिकवलं हाय."

"मंग त्या साहेबाच्या पोरीच्या मांडवात जाऊन बोलजो! इथं कायले?"

तो नारळ कोणी फोडला नाही. अभद्र कानावर पडलेला नारळ म्हणून नाल्यात टाकला आणि गावातून दुसरा आणला. तोवर वाजंत्रीवाले उन्हात ताटकळत बसले. जगदेव एका बाजूला उभा राहिला होता. आपलं नेमकं काय चुकलं, हे त्याला खरोखर कळलं नव्हतं.

पण गड्यानं विद्या सोडली नाही. चावडीच्या भिंतीवर गेरूनं मुदतीच्या रेघा ओढल्या. मार्गशीर्षात पाया, पौष-माघात पाळीची उंची, आणि मिरूग लागायच्या आधी नाल्याचं तोंड बंद. ते तोंड उघडं राहिलं तर पहिल्याच पुरात सगळी माती वाहून जाणार, हे त्यानं पोराटोरांनासुद्धा पाठ करून दिलं. आणि पाळीची माती काढायच्या खदानीत एक शिस्त लावली. आपल्याकडं मातीकामाची जुनी खोड अशी की दरड खालून पोखरायची, वरचा भार आपसूक ढासळू द्यायचा आणि पडलेली माती भरायची. कष्ट कमी, माती जास्त. जगदेवनं ते बंद केलं. वरून पायऱ्या पायऱ्यांनी खणायचं, वेळ लागला तरी चालेल. लोक कुरकुरले, पण त्यानं ऐकलं नाही.

आणि रोज सकाळी धोका बोलायचा. एकदा म्हणाला, "चढणीवर दगडं टाका गा, वल्ली माती हाय, बैल घसरन." कोणी टाकले नाहीत. उकंडरावांचा सोन्या बैल घसरला आणि त्याचा पाय मोडला. सोन्या म्हणजे पाटलांचा जीव. ते बैलाच्या मानेला मिठी मारून रडले आणि उठले ते थेट जगदेवच्या अंगावर. "तुह्याच तोंडातून निघालं होतं!" दगड का टाकले नाहीत, हे कोणी विचारलं नाही.

मग पाण्याचं. "माठं झाका, माठं झाका" म्हणून हा ओरडत होता. माठ उघडेच राहिले. हगवणीनं कामावरची निम्मी माणसं आडवी झाली. झालं! सांगितलं ते ऐकलं नाही म्हणून घडलं, की सांगितलं म्हणून घडलं? तुम्ही-आम्ही काही म्हणू. गावानं निकाल देऊन टाकला की जगदेवची जीभ काळी.

काळ्या जिभेच्या माणसाचं जिणं कसं असतं, ते कुत्र्याला विचारा. तो समोरून आला की बाया पदर तोंडावर घेऊन आडव्या गल्लीत शिरायच्या. पोटुशी बाई असली तर घरचे दार लावून घ्यायचे. हळदीकुंकवाला गोजराबाईला बोलावणं येईना. तिनं नवऱ्याला एका शब्दानं टोचलं नाही, पण संक्रांतीला वाण घेऊन बसली आणि कोणी आलं नाही, तेव्हा चुलीशी जाऊन खूप वेळ धूर नसताना डोळे पुसत राहिली.

आणि ललिता लग्नाला आली होती. खरा घोर तो. पोरगी गुणी, नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण. शेलूबाजारची मंडळी बघायला आली, पोरगी पसंत पडली, गूळ वाटायचा तेवढा उरला. पाहुणे गाडीत बसताना जगदेवची नजर गेली चाकाकडं. राहवलं नाही माणसाला. "पाव्हणे, खीळ ढिली हाय. रस्त्यात चाक निघन."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. खीळ ठोकली नाही, रागानं गाडी हाकली, आणि नाल्याच्या उतारावर चाक निघालंच. दुसऱ्या दिवशी निरोप आला की सोयरीक जमत नाही.

तेव्हा तुळसाबाईनं कंबर कसली. एकटी मोटारीनं मेडशीला गेली, तिथल्या रुपाबाई म्हणून एका खात्यापित्या घरच्या बाईच्या ओसरीवर बसली आणि त्यांच्या मुलासाठी शब्द टाकला. रुपाबाईनं काळ्या जिभेची कीर्ती ऐकली होती. ती म्हणाली, पोरगी करून घेऊ, पण हळद लागेपर्यंत बापाच्या तोंडून अभद्र निघालं असं कानावर आलं, तर नारळ परत. तुळसाबाई हो म्हणून आली.

घरी येऊन पाणीसुद्धा न पिता तिनं जगदेवला स्वयंपाकघरात बसवलं.

"बापू, माह्या डोक्यावर हात ठेव."

"काय झालं अक्का?"

"आधी हात ठेव. म्हण, हळद लागेपर्यंत वंगाळ बोलणार नाही."

"अक्का, माहं कामच ते हाय. दरड पडाची असन त पडाची हाय म्हणून सांगा लागते. साहेबानं..."

"चुलीत घाल तुहा साहेब! त्याले म्हणा, ललिताले पाह्यणा शोधून आण." तिचा आवाज फुटला. "तुले मी तोंडातला घास काढून देला, बापू. कधी काही मांगलं काय? आज मांगतो. आन घे. बोलशीन त माहं मेलेलं तोंड पाह्यशीन."

दारात ललिता उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. जगदेवनं बहिणीच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर हात ठेवला आणि आन घेतली.

आता यातला सगळ्यात कडू भाग सांगतो. दुसऱ्या दिवसापासून जगदेव गप्प झाला आणि गाव गोड झालं. सकाळी माणसं गोळा होत, हा नुसता "रामराम, लागा कामाले" म्हणे. लोक खूश. "सुधरला गा मुकादम!" उकंडराव पाटलांनी त्याला बोलावून पान दिलं. गोजराबाईला कितीतरी महिन्यांनी कोणाच्या तरी बारशाला बोलावणं आलं आणि ती लाल लुगडं नेसून, केसांत फूल माळून गेली. जगदेवनं तिला तशी जाताना पाहिलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. गोड कोणाला नको असतं? डोळ्याला दिसत होतं ते दिसतच होतं. तो ते पानाबरोबर गिळत होता.

इकडं कामाची मुदत हातातून चालली होती. बैल गेला, हगवण आली, त्यात दिवस वाया गेले. भिंतीवरच्या गेरूच्या रेघा पुढं धावत होत्या आणि पाळ मागं रेंगाळत होती. वैशाख लागला. वरून ओव्हरसियरच्या मानेवर पाय आला, त्यानं तो जगदेवच्या मानेवर ठेवला.

"मुकादम, मिरगाच्या आत तोंड बंद झालं नाही तर सगळी माती वाहून जाईल. खर्च पुन्हा कोण देणार? त्या पायऱ्या पुरे झाल्या. पोखरा आणि पाडा."

जगदेवच्या ओठावर आलं. साहेब, हा तिसरा दगड हाय, हा सरकवू नका. खदानीच्या वरच्या अंगाला काळी माती, तिच्याखाली पांढरी. अशी दरड पोखरली की ती सांगून पडत नाही. एवढं सगळं ओठावर आलं आणि आजूबाजूला कान टवकारून उभी असलेली माणसं त्याला दिसली. त्यातला कोणीतरी मेडशीच्या बाजारात जाणारच होता.

"जी," एवढंच तो म्हणाला.

पोखरण सुरू झाली. माती धो धो पडू लागली, पाळ भराभर चढू लागली, ओव्हरसियर शीळ वाजवत फिरू लागला. मधेच एका दुपारी वळवाची सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी जगदेव दरडीच्या माथ्यावर गेला तेव्हा त्याला चीर दिसली. काठापासून हातभर आत, काठाला धरून, सापासारखी लांब. त्यानं बोट घातलं, बोट गेलं. सांजेला पुन्हा जाऊन पाहिलं तर सबंध पंजा गेला.

न बोलता जे जे करता येईल ते त्यानं केलं. खणणाऱ्यांना म्हणाला, "आज तिकडल्या अंगाले खणा गा."

"काहून?"

"सहज."

"तिकडं मुरूम हाय. इथंसा माती लोण्यावाणी निघून राह्यली. सहज काहून जावं?"

बरोबरच होतं त्यांचं. कारण सांगितल्याशिवाय कोणी लोण्यासारखी माती सोडून मुरुमावर कुदळ मारतं का? आणि कारण तर अक्काच्या डोक्यावर ठेवलेलं. त्या संध्याकाळी तो पाळीवर एकटाच बसून राहिला. साहेबाचं बोलणं खरं की अक्काची आन खरी, याचा त्याला काही निकाल लागेना. साहेबाची विद्या डोक्यात होती, पण आन रक्तात होती. बोललो तर अक्का मरते, हे आणखी बारा महिने शिकूनही त्याला खोटं वाटलं नसतं. तोही त्याच गावचा ना!

पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन त्यानं बाभळीची काट्यांनी भरलेली एक मोठी काटी तोडली आणि दरडीच्या पायथ्याशी, जिथं बाया टोपली भरायला बसत, तिथं आडवी टाकून दिली. मनाशी म्हणाला, आन बोलण्याची आहे, काटीची नाही.

ऊन वर आलं. बाया आल्या, काटी पाहिली आणि थबकल्या. टोपली हातातच. एक दुसरीच्या कानाला लागली. "हे काटी मुकादमानं टाकली वो. त्याले काही दिसलं असन."

"म्हंजे पुन्हा सुरू झालं काय त्याचं?"

"बोलला नाही, पण टाकली त हायच ना."

कुजबूज वाढली. त्या बायांमधल्या एकीचं माहेर मेडशीचं होतं, आणि रोज त्यांच्याबरोबर टोपल्या भरणारी तुळसाबाई मागून येत होती. तिनं काटी पाहिली, बायांची तोंडं पाहिली, आणि वर माथ्यावर उभा असलेला भाऊ पाहिला. क्षणात तिला सगळं समजलं. भाऊ बोलला नव्हता, पण बोलल्यातच जमा होता. सांज व्हायच्या आत ही काटी मेडशीला पोचणार होती.

"अवो बायांनो, काय पाह्यत बसल्या?" ती मोठ्यानं हसली. "हे काटी म्या टाकली. माही बकरी घुसते इथंसा." आणि तिनं काटी उचलून बाजूला भिरकावली. तळहातात काटा घुसला, तो दातानं उपटून थुंकली. "चाला, लागा."

बाया तरी जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा तुळसाबाईनं पदर खोचला, टोपली घेतली आणि आपण होऊन दरडीखाली शिरली. पार आत, जिथं पोखरून पोखरून छत झालं होतं तिथं जाऊन फतकल मारून बसली आणि हातानं माती ओढू लागली. "पाह्या! काही होते काय?"

"अक्के!" जगदेव वरून ओरडला.

तिनं खालून वर पाहिलं. भावाचं तोंड उघडं होतं, पुढचा शब्द त्यात आलेला होता. तिनं मातीनं भरलेलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. लहानपणी घरात भाकरी एकच असायची, ती त्याला देऊन "मी खाल्ली, कोणाले सांगू नको" म्हणायची, तेव्हा अशीच मान हलवायची. जगदेव उतारावरून खाली धावत सुटला, न ओरडता, नुसता धावत.

दरड सांगून पडली नाही.

धुरळा खाली बसेपर्यंत बाया किंचाळत होत्या. जगदेव उघड्या हातांनी उकरत होता. मग सगळेच धावले, कुदळी आल्या, फावडी आली, ओव्हरसियर कोटासकट मातीत उतरला. ती सापडली तेव्हा तिचं बोट अजून ओठाजवळ होतं असं पुढं लोक सांगू लागले, पण लोकांचं काय खरं धरायचं. माती तोंडात गेली होती, एवढं मात्र जगदेवनं स्वतः पाहिलं. बोलायचं नाही म्हणून आन घेतली होती, आणि तरी बहिणीचं मेलेलं तोंड त्यानं पाहिलं.

घरी आणून ठेवल्यावर रडारड झाली. गावात कुजबूज सुरूच होती, की आन मोडली असेल, त्याशिवाय कशी मेली? कुठंतरी, कोणाजवळ तरी बोलला असेल. ती कुजबूज घरात पोचली. तेरवीच्या आदल्या दिवशी मेडशीहून रुपाबाई भेटायला आली आणि ओसरीवर गप्प बसून राहिली. ती कशासाठी गप्प आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोजराबाईनं जगदेवला आत बोलावलं. तिचे डोळे सुजले होते. नणंदेवर तिचा खरा जीव होता.

"अवं, खरं सांगा. तुमी कोणाजवळ काही बोलले होते काय?"

हो म्हटलं तर आन मोडली आणि अक्काला त्यानं मारलं, आणि ललिताचं लग्नही गेलं. नाही म्हटलं तर...

"नाही," तो म्हणाला. "कोणाजवळ बोललो नाही."

गोजराबाईनं सुटकेचा श्वास सोडला आणि पहिल्यांदा नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसाहमशी रडली. "मंग झालं. देवानं नेलं. तुमचा काई दोष नाही. तुमचा काईच दोष नाही."

तिनं बाहेर जाऊन रुपाबाईला सांगितलं. रुपाबाई पदरानं डोळे टिपून म्हणाली, "माणूस शब्दाचा पक्का हाय. अशा घरची पोरगी भेटाले नशीब लागते." वाजंत्रीशिवाय, चार माणसांत ललिताला हळद लागली आणि ती मेडशीला गेली. तिथं सुखात आहे असं म्हणतात. असो बापडी.

आणि तलाव? तलाव झाला की! ठरल्या मुदतीत, ठरल्या खर्चात. मिरगाच्या आधी नाल्याचं तोंड बंद झालं. ओव्हरसियरची पाठ वरून थोपटली गेली. अमरावतीच्या शिक्षणाचा असा गुण आला म्हणून सरकारदरबारी उमरवाडीचं नाव झालं.

काम संपल्याचा नारळ फुटायचा होता. पुन्हा सगळं गाव पाळीवर, पुन्हा वाजंत्री, पुन्हा गुळाची भेली. उकंडराव पाटील फेटा बांधून पुढं झाले आणि नारळ त्यांनी स्वतः न फोडता जगदेवच्या हातात दिला. म्हातारा मनानं वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"फोड गा, तुह्या हातानं फोड. बहीण गमावली, पण आन पाळली. गावानं तुले नावं ठेवली, ते आज आमी मांगं घेतो. तुही जीभ धुतल्या गेली. दोन शब्द बोल अन् फोड."

सगळे ऐकायला थांबले. जगदेवनं नारळ छातीशी धरला. त्याचा आवाज कोणी बरेच दिवस ऐकला नव्हता.

"मले दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय दिसलं होतं?"

"चीर. दरडीच्या माथ्यावर. अक्का गेली त्याच्या आधीच दिसली होती. माहा हात जात होता तिच्यात. मले समजलं होतं का हे पडते. मी बोललो नाही. तुमाले बरं वाटावं म्हून बोललो नाही. मले बरं वाटत होतं म्हून बोललो नाही. अक्का..."

लोकांची तोंडं पडली. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. गोजराबाईनं तोंडावर पदर दाबला. कोणीतरी म्हातारी कडाकडा बोटं मोडू लागली. त्या नव्या कोऱ्या पाळीवर, आज, नारळ फोडायच्या वेळी!

उकंडराव पाटलांनी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या खेपेला ते खेकसले नाहीत, अगदी बापाच्या मायेनं बोलले.

"शुभ बोल, जगदेव. शुभ बोल."

आणि त्यांनी वाजंत्रीवाल्यांना हात केला. वाजंत्री सुरू झाली. जगदेवचं तोंड त्यानंतरही बराच वेळ हलत होतं, पण तो काय म्हणत होता ते कोणाला ऐकू आलं नाही. मग पाटलांनीच त्याच्या हातातला तो नारळ काढून घेतला, नाल्यात टाकला, आणि गावातून दुसरा आणायला माणूस पाठवला.